कप्तानबाईवरून अर्धं राहिलेलं भांडण

वन्सं, खाली फाटकावर तुमचा श्रद्धांजलीचा बोर्ड लागला आहे. फोटो नितीनच्या लग्नातला घेतलाय. त्यात तुम्ही वाढप्यावर डोळे वटारलेत. वाढपी कापला, डोळे तसेच राहिले. खाली लिहिलंय, 'शांत, सोशिक व मनमिळाऊ'. मी मंडळाच्या पोरांना विचारलं, हे कोणाबद्दल आहे? ते म्हणाले, "काकी, सगळ्यांचं असंच असतं, मजकूर तयारच असतो." मग मी काय बोलणार.

तीच पोरं म्हणाली, मंडळाच्या अंकासाठी आजींवर चार ओळी लिहून द्या. माझी शाळा चौथीपर्यंत. मला लिहिता येतं, सजवता येत नाही. आणि तुमच्याबद्दल दुसऱ्यांना सांगत बसायची मला सवय नाही. तुमच्याशी बोलायची आहे. तेच करते.

तुम्ही माझ्या नवऱ्याच्या मोठ्या बहीण. लग्न केलं नाहीत. गिरणी होती तोवर वाइंडिंग खात्यात होतात, नंतर घरात माझ्या डोक्यावर. हे गेले, माझा नितीन बायकोमुलांना घेऊन डोंबिवलीला राहायला गेला, आणि लालबागच्या या खोलीत आपण दोघी उरलो. दोघींमध्ये एक टीव्ही. तो नसता तर आपण दिवसभर मिठावरून भांडलो असतो. तो होता म्हणून आकाशावरून भांडलो.

ती मालिका तुम्ही शोधून काढली नव्हतीत. भाकऱ्या थापताना उठून तुम्ही रिमोट घेतलात, पिठाचा हात, बटण आत गेलं ते वर येईना. सासू-सुनांच्या चॅनलऐवजी आकाशातलं जहाज. नितीन रविवारी येईपर्यंत दुसरं काही लागेचना. शीड नाही, वारा नाही, बाहेर नुसता काळोख, आणि आत चकचकीत कपड्यांतली माणसं शुद्ध हिंदीत बोलतायत. तोंड हलतं एक, शब्द येतो दुसरा. मी म्हटलं, बंद करा. तुम्ही म्हणालात, "थांब गो. ही माणसं घर सोडून निघाल्येत. आपले बापजादे बोटीतून उतरले ते असेच. बघू तरी कुठे जातात."

नितीनने बटण नीट करून दिलं तेव्हा तुम्ही त्याला म्हणालात, आता हेच राहू दे.

त्या जहाजावर एक लोखंडी माणूस होता. चौकोनी, करडा, कपाटासारखा. तुम्ही त्याचं नाव कपाट्या ठेवलंत. तो ओझी उचलायचा, जेवण आणायचा, तापलेल्या भट्टीत हात घालायचा. पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत, "हा बसतो कधी?"

"मशीन आहे ते. बसेल कशाला?"

"आमच्या खात्यात साहेब आमच्याबद्दल हेच म्हणायचा."

मग तो दिवस आला. कप्तानबाईने कपाट्याला सांगितलं, भट्टी फुटली आहे, आत जा, तू वितळशील पण जहाज वाचेल. आणि कपाट्या म्हणाला, मला नाही जायचं. मग सगळे जमले, खटला बसला. यंत्राला नाही म्हणता येतं का? यंत्र कोणाचं? ज्याने बनवलं त्याचं, ज्याने विकत घेतलं त्याचं, की त्याचं स्वतःचं? आठवडाभर तेच चाललं आणि आठवडाभर आपल्या घरात पण तेच चाललं.

मी म्हटलं, "उद्या आपला मिक्सर म्हणाला मला चटणी वाटायची नाही, तर?"

"मिक्सर तसं म्हणत नाही."

"म्हणाला तर?"

"म्हणाला तर मी ऐकेन. पाट्यावर वाटेन."

"तुम्ही वाटाल? मला वाटायला लावाल."

"तू पण नाही म्हण की. कोणी अडवलंय?"

पुढे खरंच मिक्सर बंद पडला, तेव्हा मी म्हटलं, घ्या, तुमचा माणूस संपावर गेला. तुम्ही हसला नाहीत. संपावरच्या विनोदाला तुम्ही कधी हसला नाहीत. मला माहीत होतं आणि मी तरी केला. तुम्हाला चिडवायला दुसरं काही हाती लागत नसे.

खटल्याचा निकाल कपाट्याच्या बाजूने लागला. त्याला नाही म्हणायचा हक्क आहे, असं ठरलं. जहाजावर टाळ्या. मी पण म्हटलं, चला, जिंकलात. तर तुम्ही तोंड वाकडं केलंत. "निकाल दिला कोणी? त्यांनीच. उद्या त्यांना वाटलं की हक्क नाही, तर नाही. आमच्या बाजूने पण लागला होता एकदा. गिरणीची चावी तरी त्यांच्याच खिशात होती." त्यानंतर तुम्ही मुकाट्याने भात कालवलात. जिंकूनसुद्धा जिंकलो नाही असं वाटणारी बाई एका खोलीत बरोबर असली की फार दमायला होतं, वन्सं.

तुमचं एकच पालुपद होतं. विचारलं का त्याला? विचारलं का तिला? जहाजातली हवा कमी झाली आणि पेट्यांमध्ये झोपवून नेलेल्या माणसांना मध्येच एका ओसाड जागी उतरवायचं ठरलं. जागे होते त्यांनी हात वर करून ठरवलं. तुम्ही टीव्हीसमोर उभ्या राहिलात. "झोपलेल्यांना उठवा आणि विचारा."

मी म्हटलं, "उठवलं तर हवा अजून लागेल. विचारेपर्यंत सगळेच मरतील."

"मग मरू देत. पण विचारून."

"हे काय बोलणं झालं?"

"तुला नाही कळायचं."

मला कळत होतं. पटत नव्हतं. हे दोन वेगळे आहेत हे तुम्ही शेवटपर्यंत मान्य केलं नाहीत.

त्याच महिन्यात चाळीची सभा झाली. पाण्याचा पंप सकाळी लवकर न लावता दहाला लावायचा, असं कमिटीने ठरवलं. बहुतेकांना सोयीचं होतं. हात वर झाले. तुम्ही मागून उठलात. "तिसऱ्या मजल्यावरच्या रात्रपाळीवाल्यांना विचारलं का? ते दहाला झोपलेले असतात. भरून कोण ठेवणार त्यांचं पाणी?"

कमिटीचा सेक्रेटरी, तो जाड चष्म्याचा, म्हणाला, "आजी, बहुमत झालंय."

"जागे होते त्यांचं झालं. झोपलेल्यांचं सांग."

मागून कोणीतरी म्हणालं, "आजी जहाजावरून आल्या वाटतं." सभा हसली. तुम्ही चपला घातल्यात आणि तशाच जिना चढून वर गेलात. मी मागे. तुमचे गुडघे दुखतात म्हणून मागे, भांडायला नव्हे. तुम्ही रात्रपाळीवाल्यांची दोन्ही दारं ठोकलीत. हॉस्पिटलात वॉर्डबॉय असलेली ती पोरं डोळे चोळत बाहेर आली. तुम्ही त्यांना सगळं समजावून सांगितलंत, हक्क, बहुमत, पंप. एक पोरगा हात जोडून म्हणाला, "आजी, पाया पडतो. पाणी कधीही येऊ दे. झोपू दे फक्त."

जिना उतरताना मला हसू येत होतं, मी ते पदराखाली धरलं. खाली आल्यावर तुम्ही म्हणालात, "विचारलं ना पण." आणि त्यांचं पाणी पुढे कोणी भरलं? मी. रोज. त्यांनी खोलीची किल्ली आपल्या घरी देऊन ठेवली, आणि पंप लागला की तुम्ही मला म्हणायच्यात, जा, पोरं झोपली असतील.

एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती जहाजाची नाही. तुमचा भाऊ गेला तेव्हा बायका माझ्याभोवती बसल्या होत्या. तुमची चुलती म्हणाली, हिच्या बांगड्या उतरवा आता. कोणीतरी माझा हात धरला. तुम्ही दारातून ओरडलात, "विचारलं का तिला?" सगळ्या थबकल्या. तुम्ही पुढे येऊन मला विचारलंत, सुमन, काढायच्या की ठेवायच्या? माझ्या तोंडातून शब्द फुटेना. मला त्या घडीला माझा हात माझा आहे हेच कळत नव्हतं. तुम्ही क्षणभर बघितलंत आणि चुलतीला म्हणालात, "ती ठेवायच्या म्हणते." मी काही म्हटलं नव्हतं. तुम्ही सरळ खोटं बोललात, आणि इतक्या मोठ्याने की कोणी पुढे आलं नाही. बांगड्या राहिल्या. अजून आहेत. मला ते बरं वाटलं होतं, वन्सं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हीही कधी विचारलं नाहीत. सगळ्या जगाला विचारलं का, विचारलं का करत फिरलात आणि हे एक विचारायचं राहिलं.

आता कप्तानबाईचं.

कप्तानबाईला मार लागला. श्वास चालेना. जहाजाच्या डॉक्टरने तिला काचेच्या नळकांड्यात ठेवलं, नाकातोंडात नळ्या, छाती यंत्र हलवतंय. डॉक्टरने तिच्या जुन्या मैत्रिणीला विचारलं, असंच ठेवू की सोडू? ती कधी काही बोलली होती का? मैत्रीण रडायला लागली आणि भाग संपला.

तुम्ही ताट सरकवून म्हणालात, "मला असलं काही करू नका हां. बोलता येत नाही, उठता येत नाही, दुसरा कोणी छाती हलवतोय. ते काय जगणं?"

मी म्हटलं, "बरं."

"बरं काय? लक्षात ठेव."

"ठेवलं."

मग पुढच्या आठवड्यात कप्तानबाई नळकांड्यातून बाहेर आली. चालायला लागली, हुकूम सोडायला लागली. तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "बघ, ठेवलं म्हणून वाचली. त्या बयेने घाई केली असती तर?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, नको म्हणून?"

"मी कुठे म्हटलं तिला नको म्हणून? मी माझं म्हटलं."

"मग तिचं हवं आणि तुमचं नको? असं कसं?"

"तिच्यामागे अख्खं जहाज आहे."

"आणि तुमच्यामागे?"

"माझ्यामागे तू. तुझं काय, तू जेवून झोपशील."

मला राग आला. मी म्हटलं, नक्की एक काय ते सांगा, उद्या माझ्यावर वेळ आली तर मी कुठल्या आठवड्याचं धरू? तुम्ही तोंड उघडलंत, तेवढ्यात शेजारची लता विरजण मागायला आली. तिला बसवून घेतलंत, तिच्या सुनेची चौकशी केलीत. ती गेली तेव्हा मी परत विषय काढला. तुम्ही म्हणालात, "डोकं उठवू नकोस. बोलू सावकाश." सावकाश बोलायचं राहिलं. आपली भांडणं रोजची होती, एखादं अर्धं राहिलं तर कोण लक्ष देतं.

दम्याने तुम्हाला आधी पण धरलं होतं. दोन पायऱ्या चढून थांबायच्यात आणि जिन्याला शिव्या द्यायच्यात. या वेळी शिव्या देता येईनात, तेव्हा मी घाबरले. परळला हॉस्पिटलात नेलं. टॅक्सीतून जाताना तुम्ही हाताने ड्रायव्हरला रस्ता दाखवत होतात. बोलायला श्वास नव्हता, पण तो चुकतोय एवढं सांगायला हात होता.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. कोवळी पोर, माझ्या नातीपेक्षा थोडी मोठी. म्हणाली, "आजी, मास्कवर भागत नाहीये. घशात नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल. ठेवलं तर बरं होतील असं मी सांगू शकत नाही. फुप्फुसं फार खराब आहेत. मशीनवरून परत निघतील की नाही तेही सांगता येत नाही. त्यांनी याबद्दल कधी काही सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "सांगितलं होतं. पण टीव्हीतल्या बाईबद्दल."

ती हसली नाही, हे तिचं चांगलं. मी तिला सगळं सांगितलं. जहाज, कप्तानबाई, पहिल्या आठवड्यात काय म्हणालात, दुसऱ्या आठवड्यात काय म्हणालात. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे हवं की नको?"

"तेच तर. आमचं ते भांडण अर्धं राहिलंय."

नितीनला फोन लावला. तो गाडीत बसला होता, यायला वेळ लागणार होता. तो म्हणाला, "आई, ती सिरियल आहे."

मी म्हटलं, "मग दुसरीकडे कुठे बोललो आम्ही मरणावर? तू आलास की आत्या तुला मासे कसे झालेत विचारायची. तुला कधी म्हणाली का ती, मला मरताना असं कर?"

तो म्हणाला, "तूच सांग. ती तुझ्याशीच बोलायची."

तुमच्याशी बोलण्याची ही शिक्षा मला मिळाली.

मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, त्यांनाच विचारा. ती म्हणाली, प्राणवायू कमी पडतोय, आजी ग्लानीत आहेत, त्यांनी हो म्हटलं तरी समजून म्हटलं असं आम्हाला धरता येत नाही. मी म्हटलं, त्या शुद्धीत असोत नसोत, त्यांना न विचारता काही केलेलं त्यांना चालत नाही. तिने मला आत सोडलं.

तुमच्या तोंडावर तो मास्क होता, गालात रुतलेला. डोळे उघडे होते. मी म्हटलं, "वन्सं, घशात नळी घालायची म्हणतात. मशीनवर ठेवणार. घालू देऊ की नको?"

तुम्ही मास्क हाताने ओढलात. सिस्टर ओरडली. तुम्ही तिच्याकडे बघितलंही नाहीत. माझ्याकडे बघून म्हणालात, "तू सांग."

तुम्ही मला आधीही पुष्कळदा विचारलं होतंत. आमटीत कोकम किती, नितीनला कुठल्या शाळेत घालायचं, पंखा लावू का. पण उत्तराची वाट तुम्ही कधी बघितली नव्हतीत. विचारायच्यात आणि तुमचं तुम्ही करायच्यात. मला त्याची सवय होती. खरं सांगायचं तर सोय होती. त्या दुपारी तुम्ही वाट बघत होतात. डोळे माझ्यावर, छाती वर-खाली, आणि वाट. अख्ख्या जन्मात मला कोणी असं विचारलं नव्हतं आणि विचारलं ते हे.

मला काय माहीत होतं? नळी घातली की काय होतं, न घातली की काय होतं, मला काय ठाऊक? चौथी शिकलेली बाई मी. शिकलेल्यांनाही ठाऊक नव्हतं, ते तसं म्हणाले. मला एवढंच दिसत होतं की नळी घातली तर तुम्हाला बोलता येणार नाही. तुम्ही आणि न बोलता पडलेल्या, हे मला डोळ्यांसमोर आणता येईना. ते तुमच्यासाठी होतं की माझ्यासाठी, तेही मला सांगता येणार नाही.

मी म्हटलं, "नको."

सिस्टरने मास्क परत बसवला.

बाहेर येऊन मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, त्या नको म्हणतात. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, मग मान हलवली. नितीन पोचला तोवर तुम्हाला झोप लागली होती. त्याने विचारलं, "आत्या काय म्हणाली?" मी म्हटलं, "नको म्हणाली." त्याने तशी सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी, वॉर्डात चहा वाटत होते, तेव्हा तुम्ही गेलात.

आता माणसं भेटायला येतात. सुटल्या म्हणतात. लता म्हणते, शेवटपर्यंत स्वतःचं स्वतः ठरवलं, अशी बाई होणार नाही. नितीनने तेच सगळ्यांना सांगितलंय, त्याला त्यात अभिमान वाटतो. मी त्यांना चहा देते. मालिका चालू आहे, मी बघत नाही. बाजू घ्यायला समोर कोणी नसलं की त्यात नुसते दिवे लागतात आणि विझतात.

तुम्ही नको म्हणाला नव्हतात. हवं असंही म्हणाला नव्हतात. मी नको म्हटल्यावर तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मी लगेच निघाले नाही, वन्सं. खाटेशी उभी होते. सिस्टर म्हणाली, आजी, झालं, चला बाहेर. तरी उभी होते. माझं ऐकून तुम्ही उलट बोलला नाहीत असं आपल्या घरात एकदाही घडलेलं नाही, म्हणून मी थांबले होते. तुम्ही बोलला नाहीत. पटलं म्हणून गप्प राहिलात, की उलट बोलायचं होतं आणि श्वास पुरला नाही, हे मला कळत नाही. आणि ते विचारायला तुमच्याशिवाय माणूस नाही.